डिसेंबर लागला की पळून आल्यावर खोकला, बधिर बोटं, हुडहुडी: नेमकं कुठे बिघडतंय ते शोधायचं कसं

दरवर्षी तेच. दिवाळी संपते, पहाटेचा पारा उतरायला लागतो आणि आमच्या रनिंग ग्रुपवर मेसेज सुरू होतात, पळून आलं की खोकला थांबत नाही, छातीत जळजळतं, बोटं बधिर होतात, पोटरी आखडली. त्यावर सल्लेही ठरलेले, मफलर गुंडाळा, हळद-दूध घ्या, थंडी जाईपर्यंत बंद ठेवा. बंद ठेवण्याइतकी थंडी आपल्याकडे पडते तरी कुठे हो? पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे ९-१० अंश, पाषाणकडे अजून थोडं कमी, निफाडला त्याहून खाली, आणि थंडीची लाट आली की महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात, संपलं. पळायला खरं तर याच्यासारखी हवा वर्षभरात मिळत नाही. विश्वास नसेल तर मे महिन्यात लाँग रन केलेल्या कुणालाही विचारा.

तर माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या बहुतेक तक्रारींत नुसत्या थंडीचा वाटा कमी आणि घाम, धूर नि घाई यांचा जास्त असतो. यातलं तुमचं कुठलं हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: त्रास नेमका कधी सुरू होतो? निघाल्या निघाल्या, पळताना मधेच, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी, की घरी पोचल्यावर? "पळाल्यावर होतो" हे उत्तर चालणार नाही, एकदा घड्याळ बघून ठेवा, मग पुढचं वाचा.

थांबल्यावर खोकला सुटतो

ही सगळ्यात कॉमन तक्रार. पळताना काही नाही, मस्त टायमिंग आलं, थांबलो, ग्रुपचा फोटो काढला आणि मग कोरडा खोकला जो सुरू होतो तो अर्धा-पाऊण तास चालतो, कुणाला छाती आवळल्यासारखी वाटते, कुणाला श्वास सोडताना बारीक शिट्टी ऐकू येते. आमच्या सोसायटीतले एक काका याला "गार हवा लागली" म्हणायचे आणि कानटोपी अजून खाली ओढायचे. पण गार हवा कानातून छातीत जात नाही ना! ती जाते तोंडातून.

होतं असं, की आपण बसल्या जागी मिनिटाला ६-८ लिटर हवा आत घेतो, ती नाकातून जाते, तिथे गरम होते, ओली होते. जोरात पळताना हाच आकडा ६०च्या पुढे जातो, एवढं काम एकट्या नाकाला झेपत नाही, मग तोंड उघडतं आणि गार कोरडी हवा थेट श्वासनलिकांत. त्यांचं आतलं अस्तर सुकतं आणि काही जणांच्या नळ्या त्यावर रिअ‍ॅक्शन म्हणून आकसतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांना हे जास्त होतं पण दमा नसलेल्यांनाही होऊ शकतं, आणि ते नेमकं व्यायाम थांबवल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत जोरात असतं नि हळूहळू तासाभरात ओसरतं. तुमचं घड्याळ हेच सांगत असेल तर उपाय दोन, पहिला वॉर्मअपचा आणि दुसरा बफचा, म्हणजे गळ्यात घालून नाकापर्यंत ओढायच्या कापडी पट्ट्याचा.

वॉर्मअप म्हणजे पायाचे अंगठे पकडून उभं राहणं नव्हे. दहा-पंधरा मिनिटं भरभर चालणं, मग हलकं जॉगिंग, त्यात मधेमधे तीस-तीस सेकंद थोडं जोरात, परत हळू. याने बऱ्याच जणांच्या श्वासनलिका पुढचा तास-दोन तास शांत राहतात. आणि या पहिल्या दहा मिनिटांत तोंड बंद ठेवून नाकानेच श्वास घ्यायचा, नाकाने जमत नसेल तर तुमचा स्पीड जास्त आहे, इतका सोपा हिशोब. दुसरं, बफ किंवा साधा पातळ सुती रुमाल नाका-तोंडावर सैल बांधा, आपल्याच श्वासातली वाफ त्यात अडकते आणि पुढचा श्वास जरा ओला, जरा कोमट येतो. तो ओलाचिंब झाला की फिरवून घ्यायचा. शेवटी धाडकन थांबू नका, पाच मिनिटं चालत या.

एवढं दोन आठवडे करूनही शिट्टी वाजतच असेल तर डॉक्टरकडे जा, फुफ्फुसांची फुंकायची साधी टेस्ट असते. गरज असेल तर ते पळायच्या आधी घ्यायचा पंप देतात. दुसऱ्याचा पंप मागून ओढून बघू नका प्लीज, ग्रुपमध्ये हेही प्रकार होतात म्हणून लिहितेय.

सुरुवातीपासूनच घसा आणि डोळे चुरचुरतात

हा वेगळा आजार, आणि याच्यावर बफ चालत नाही. पहिल्या किलोमीटरलाच घसा खवखवतो, डोळ्यांत पाणी येतं, घरी आल्यावर नाक शिंकरलं की काळपट निघतं, हे थंडीचं नाही, धुराचं आहे.

हिवाळ्यात आभाळ निरभ्र, वारा पडलेला. रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गार नि जड होऊन खाली बसते आणि वर तुलनेने गरम हवेचा थर राहतो, म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं. त्या झाकणाखाली रात्रभराचे ट्रक, वॉचमननी पेटवलेल्या शेकोट्या, सकाळी कुणीतरी लावलेला पालापाचोळ्याचा नि प्लास्टिकचा ढीग, सगळं तिथल्या तिथे साठतं. ऊन तापून जमीन गरम झाली की झाकण उघडतं, ते साधारण साडेआठ-नऊनंतर. म्हणजे आपण ज्याला "पहाटेची शुद्ध हवा" म्हणतो ती हिवाळ्यात शहरातली सगळ्यात घाण हवा असू शकते. घरी आईला हे सांगून बघा, पटत नाही. वेताळ टेकडीवर सकाळी चढलात की खाली शहरावर पसरलेला राखाडी थर दिसतो, तो दाखवायचा.

मग करायचं काय, ऑफिस तर नऊला गाठायचंय. वेळ बदलता येत असेल तर उत्तम, सुट्टीच्या दिवशीचा लाँग रन आठला सुरू करा, दुपारी चार-पाचची हवा तर अजून मोकळी असते. वेळ बदलता येत नसेल तर जागा बदला. नदीकाठचे सखल रस्ते, सिग्नलचे चौक, बसडेपोच्या कडेचा रस्ता टाळा, टेकडी, युनिव्हर्सिटीचा आतला भाग, तळजाई, असं झाडांचं आणि उंचावरचं काहीतरी धरा. हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचे (एक्यूआय) आकडे बघायचे तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप आहे, आणि पाषाणच्या आयआयटीएमने (हवामान संशोधन संस्थेने) तयार केलेली 'सफर' यंत्रणा. १०० पर्यंत बिनधास्त, १०१ ते २०० 'मध्यम' म्हणजे दमेकऱ्यांनी आणि वयस्करांनी जपून, बाकीच्यांनी हळू पळावं, २०० च्या वर गेलं की 'खराब', त्या दिवशी मी घरातच जिने चढते किंवा सूर्यनमस्कार घालते. पण एक लक्षात घ्या, धुळीच्या कणांसाठीचा हा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात, त्यामुळे पहाटे सहाला प्रत्यक्षात त्याहून वाईट असू शकतं. तेव्हा आकड्याबरोबर आपलं नाकही वापरा, जळका वास आला की वळा. आणि बफने गार हवा अडते, बारीक धूळ अडत नाही, बफ बांधून धुरात पळणं म्हणजे मनाचं समाधान.

दिवाळीचे दोन-तीन दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस तर सरळ सोडून द्या. काही बिघडत नाही, फराळाचा हिशोब नंतर करू.

घरी पोचल्यावर हुडहुडी भरते, संध्याकाळी सर्दी

हे शंभर टक्के आपल्याकडचं दुखणं, कारण आपण पळायच्या जागी टू-व्हीलरने जातो. बघा ना, गेटबाहेर पार्किंगला दीड तास उभी असलेली ॲक्टिव्हा, सीटवर दव, आपण घामाने निथळत येतो, टी-शर्ट पाठीला चिकटलेला, दहा मिनिटं गप्पा, एक कटिंग, मग तसंच ओलं गाडीवर बसून ४०च्या स्पीडने घरी. १० अंशांत त्या स्पीडला उघड्या कातडीला ६ अंशांसारखं गार लागतं, आणि ते कोरड्या कातडीला, ओलं कापड असेल तर अंगातली ऊब त्याहून भराभर जाते. पळताना स्नायू शेगडीसारखं काम करत होते, थांबल्यावर ती बंद झाली, घाम मात्र वाळायचं काम चालूच ठेवतो. मग घरी पोचेपर्यंत दात वाजतात. सर्दी व्हायरसने होते हे मान्य, पण कुडकुडत घरी येण्यात काही शौर्य नाही, आणि खोकल्याची सवय असलेल्यांचा खोकला या गाडीवरच्या गार हवेनेच परत उसळतो.

उपाय फुकट आहे. डिकीत एक कोरडा टी-शर्ट, नॅपकिन आणि चेन असलेलं जॅकेट कायम ठेवा. थांबल्यावर गप्पांच्या आधी ओला टी-शर्ट काढायचा, पुसायचं, कोरडा घालायचा. बायकांना हे उघड्यावर जमत नाही हे मला माहितीय, म्हणून मी आतला घट्ट टॉप पटकन सुकणारा घालते, वरचा ढगळ टी-शर्ट जॅकेटच्या आत हात घालून बदलते, सवय झाली की अर्ध्या मिनिटाचं काम. केस ओले असतील तर हेल्मेटखाली पातळ स्कार्फ. मोठ्या वर्तमानपत्राची घडी जॅकेटच्या आत छातीवर ठेवायची जुनी सायकलवाल्यांची ट्रिक अजूनही चालते, हसू नका.

कपडे घालायचे किती

लोक इथेच चुकतात आणि वरचा सगळा घामाचा घोळ इथेच सुरू होतो. घरातून निघताना "छान उबदार" वाटलं तर तुम्ही जास्त कपडे घातलेत. आहे त्या तापमानापेक्षा आठ-दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे करायचे, म्हणजे बाहेर १० असेल तर १८-२० अंशांत फिरायला जाताना घालाल तसे. पहिली दहा मिनिटं थोडं शहारायला हवं. म्हणजे पुण्यात एक लांब बाह्यांचा पॉलिएस्टर ड्राय-फिट टी-शर्ट आणि शॉर्ट्स किंवा टाइट्स, बास. अगदीच ७-८ अंश असेल तर वरून पातळ विंडचीटर, तो किलोमीटर-दोन किलोमीटरनंतर कमरेला.

स्वेटर नको. सुती बनियन तर नकोच नको, सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, मग छातीवर गार पट्टी ठेवल्यासारखं होतं. एरवी मी कॉटनची भक्त आहे पण इथे नाही. आणि प्लास्टिकसारखा तो "स्लिमिंग" जॅकेट घालून पळणाऱ्यांनो, त्यात चरबी नाही, पाणी जातं.

बोटं बधिर होतात

अंग गरम, हात बर्फ, हे नॉर्मल आहे, गारठ्यात शरीर आधी आतले अवयव सांभाळतं आणि हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेतं. महागडे ग्लोव्हज नकोत, पातळ लोकरीचे किंवा गाडीचे साधे होजिअरीचे हातमोजे पुरतात, नाहीतर जुने मोजे हातात घाला, गरम झालं की खिशात. ग्लोव्हज निघायच्या आधी, हात गरम असतानाच घालायचे, गार पडलेल्या हाताला मोजा नुसता गारठा सांभाळून ठेवतो. शूजच्या लेस फार करकचून बांधल्या असतील तर पायाची बोटं बधिर होतात, तेवढंही बघा, आणि दोन-दोन जोड मोजे घालून पाय शूजमध्ये कोंबू नका.

मात्र बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर, मग गरम झाल्यावर लाल होऊन ठणकत असतील, आणि असं फ्रीजमधून दुधाची पिशवी काढतानाही होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, त्याला रेनॉड म्हणतात, बायकांत जास्त दिसतं.

पोटरी, हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू), गुडघा: निघाल्या निघाल्या दुखतं

घाई. दुसरं काही नाही. साडेपाचचा अलार्म, पावणेसहाला गेट, सहाला पहिला किलोमीटर नेहमीच्या पेसने. गार स्नायू कडक असतात, त्यांना ताणून धरायचं नाही, हलवायचं. घरातच, पंख्याखाली नाही, लिफ्टऐवजी जिना दोनदा वर-खाली, पाय पुढे-मागे झुलवणं, हाय नीज (गुडघे उंच उचलत जागीच पळणं), थोडे स्क्वॉट्स, किंवा सरळ पाच-सहा सूर्यनमस्कार. घराबाहेर पडताना अंग कोमट हवं. ताणून धरायचे स्ट्रेचेस नंतर, कोरडे कपडे घातल्यावर. इंटरव्हल (आलटून पालटून जोरात नि हळू पळणं) आणि स्प्रिंट पहाटे नकोत, ते संध्याकाळी ठेवा.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट. पुण्याच्या गारव्यात जमलेला पेस मुंबईच्या दमट हवेत तसाच राहील असं समजू नका, त्यामुळे तुमचे दोन-तीन लाँग रन उशिरा उन्हात झाले तर ते फुकट जात नाहीत, हवाही बरी मिळते आणि घामाची सवयही होते.

नाक, ओठ, पाणी

नाक गळणं हा आजार नाही, गार हवा गरम करायला नाक जास्त ओलावा सोडतं, रुमाल मनगटाला बांधा आणि विसरा. ओठ, नाकाखाली, मांड्यांच्या आत, पुरुषांनी स्तनाग्रांवर, पेट्रोलियम जेली लावा, नाहीतर आंघोळीला पाणी पडलं की कळेल.

पाण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. गारठ्यात तहान लागत नाही, लघवी जास्त होते, श्वासातून वाफ जाते ती वेगळीच, आणि घाम लगेच वाळतो म्हणून दिसत नाही. पळून आल्यावर डोकं दुखणं नि दिवसभर मरगळ, याला लोक "थंडी बाधली" म्हणतात, एकदा निघायच्या आधी ग्लासभर कोमट पाणी आणि आल्यावर दोन ग्लास पिऊन बघा.

अंधार

जानेवारीत पुण्यात सूर्य उगवतो सात वाजून गेल्यावर, म्हणजे साडेपाच-सहाला चक्क रात्र असते. काळा टी-शर्ट, काळी टाइट्स आणि कानात इअरफोन हे कॉम्बिनेशन घालून रस्त्याच्या डाव्या बाजूने पळणारे लोक मला रोज दिसतात. उजवीकडून पळा, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. रिफ्लेक्टिव्ह पट्टी किंवा डोक्याला लावायचा टॉर्च दोन्ही ऑनलाइन स्वस्तात मिळतात. कुत्री थंडीत गाड्यांखाली नि राखेच्या ढिगात झोपलेली असतात, त्यांच्या अंगावरून धावत जाऊ नका, दहा पावलं चालत जा, बिचारी उठतही नाहीत. टेकडीवर दव पडलेलं गवत आणि शेवाळलेले दगड उतरताना घसरतात, तिथे टायमिंग लावू नका.

कधी थांबायचं

गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, बीपी-शुगरवाल्या, नव्याने सुरू करणाऱ्या मंडळींनी आधी डॉक्टरांना विचारून घ्या आणि पहाटेऐवजी आठनंतर पळा. पळताना छातीवर दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, नेहमीपेक्षा विचित्र दम, गार घाम, चक्कर, यातलं काहीही झालं तर "ॲसिडिटी असेल" म्हणायचं नाही, तिथेच थांबायचं, बसायचं, १०८ला फोन लावायचा, गाडी चालवत घरी यायचं नाही. ताप असेल, कफ छातीत असेल तर सुट्टी. सर्दी फक्त नाकापुरती असेल तर हळू पळायला हरकत नाही.

अमेरिका-कॅनडातली आपली मंडळी हे वाचून हसत असतील, माझा मावसभाऊ मिनेसोटात असतो, त्याच्याकडे १० अंश म्हणजे शॉर्ट्सचा दिवस. तिकडचं गणित वेगळं, घाम आणि कपड्यांचं वरचं सगळं तसंच लागू, पण वाऱ्यासकट उणे २७-२८ लागत असेल तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते, नाक, कान, गाल, बोटं आधी. कातडी पांढरी, कडक, बधिर झाली तर चोळायची नाही, आत जाऊन कोमट पाण्यात धरायची आणि डॉक्टर गाठायचा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर पळा आणि येताना वारा पाठीवर घ्या, म्हणजे घाम आल्यावर समोरून झोत येत नाही. रस्त्यावरचा न दिसणारा पातळ बर्फ असेल त्या दिवशी ट्रेडमिल.

आणि यातला एकेक उपाय वेगळा करून बघा, सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी आठवडाभर कोरडा टी-शर्ट, मग आठवडाभर वॉर्मअप. तेवढ्याने नाही गेलं तर जागा किंवा वेळ. तरीही त्रास राहिला तर इथे लिहिताना किती वाजता पळता, कुठे, काय घालता, घरी कशाने येता आणि त्रास थांबल्यावर किती मिनिटांनी सुरू होतो एवढं लिहा, नुसतं "खोकला येतो, उपाय सांगा" यावर कुणालाच काही सांगता येत नाही.